राबणाऱ्या हाताची नाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी इयत्ता शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. दरवर्षी मी या दिवशी पाठीमागे चहाच्या पातेल्याजवळ असते, आणि तेथूनच भाषणे ऐकते. परंतु या वर्षी चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "तुमच्या घरी जे घडले, ते चार बायकांना सांगा. त्यांच्या उपयोगी पडेल." उपयोगी पडेल म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. म्हणून ही उभी राहिले आहे. काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

माझा विषय आहे हात. सकाळी उठल्यावर आधी आपले तळहात पाहावेत, अशी आपल्याकडे चाल आहे. आपण पाहतो, नमस्कार करतो आणि कामाला लागतो. पण त्या तळहाताच्या आत काय आहे, हे मात्र आपण कधी पाहत नाही. माझी मुलगी नर्सिंग शिकली आहे. तिने मला चित्र काढून ते समजावले, तेच मी तुम्हांला सांगते.

आपल्या हाताला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिण्या दोन. एक अंगठ्याच्या बाजूने येते. वैद्य किंवा डॉक्टर नाडी बघतात ती हीच. दुसरी करंगळीच्या बाजूने येते. या दोघी तळहातात येऊन कमानीसारख्या एकमेकींना मिळतात, आणि त्या कमानींतून पाचही बोटांना फाटे जातात. एका टाकीला दोन नळांनी पाणी यावे, तशी ही देवाची सोय आहे. एक नळ अडला तरी दुसऱ्याने काम भागावे. परंतु सगळ्यांच्याच हातात ही कमान पुरी जुळलेली असते असे नाही. ज्यांची जुळलेली नसते, त्यांचा एक नळ अडला की बोटे कोरडी पडतात.

आता आपला उजवा हात उलटा करून पाहा. मनगटाची घडी संपते तेथे, करंगळीच्या बाजूला, तळहाताची एक मांसल गादी आहे. आपण चिडून टेबलावर हात आपटतो तो याच गादीने. या गादीच्या आत मनगटाचे एक लहानसे हाड आहे, आणि त्या हाडाला गळासारखे एक टोक आहे. करंगळीकडची रोहिणी बरोबर या गळाला खेटून जाते. तेथे तिच्यावर कातडी, थोडी चरबी आणि एक पातळसा स्नायू, एवढेच पांघरूण असते. म्हणजे कसे झाले, बायांनो? खाली हाडाचा खल, वरून ठोक्याचा बत्ता, आणि मध्ये लसणाच्या पाकळीसारखी ती बिचारी रोहिणी. एकदा-दोनदा हात आपटल्याने काही होत नाही. पण रोज, वर्षानुवर्षे, तळहाताचा हातोडा केला, तर तिची आतली कातडी चिरते. त्या चिरेवर रक्त साकळून गाठ बनते आणि वाट बंद होते. कधी रोहिणीची भिंत सैल पडून तिला फुगा येतो. त्या फुग्यातून गाठीचे बारीक तुकडे सुटतात आणि पुढे बोटांच्या केसाएवढ्या नळ्यांत जाऊन अडकतात.

१९३४ साली व्हॉन रोझेन नावाच्या डॉक्टरांनी हाताला मुका मार लागून ही रोहिणी बंद पडल्याची हकीकत लिहिली. पुढे १९७० साली अमेरिकेतील कॉन आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिले. त्या नावात "हातोडा" हाच शब्द आहे. हा रोग मुख्यतः हाताने ठोकणाऱ्यांना होतो. गाड्यांचे मिस्त्री, सुतार, लोहकाम करणारे, खाणीत राबणारे, खाटीक, अशा लोकांत तो दिसला आहे. चाळिशीच्या आसपासचा कर्ता पुरुष, त्याचा कामाचा हात, आणि बहुधा तंबाखूचे व्यसन, असा त्याचा ठरलेला बेत असतो.

आता आमच्या घरची हकीकत. माझा धाकटा भाऊ येथेच उद्यमनगरात गाड्या दुरुस्त करतो. वीस वर्षे झाली. घट्ट बसलेले झाकण, बेअरिंग, बुश, काहीही असो, हातोडी शोधत बसण्यापेक्षा तळहाताने दोन दणके देऊन तो बसवायचा. "आक्का, हातोडी लोखंडाची, हाताला अंदाज असतो," असे मोठ्या अभिमानाने सांगायचा. आणि ते खरेही होते. अंदाज असतो, म्हणूनच तर कसबी माणूस हात वापरतो.

२०२२ च्या दिवाळीनंतर त्याचे उजव्या हाताचे अनामिका बोट दुखू लागले. सकाळी गार पडायचे, पांढरे व्हायचे, मग निळसर. नखाच्या कडेला काळा ठिपका आला. त्याला वाटले, पत्र्याची कूस गेली असेल. मी विचारले तर म्हणाला, "काय न्हाई आक्का, कायतरी टोचलं असंल." कोणी म्हणाले नखुर्डे आहे, लिंबू घालून बसा. कोणी म्हणाले, नजर लागली. एका दवाखान्यात पू समजून औषध दिले. दोन महिने गेले, पण पू काही येईना आणि ठिपका काही जाईना. रात्री दुखायचे म्हणून तो हात खाटेखाली लोंबता सोडून झोपायचा. लोंबता सोडला की बरे वाटते, हीसुद्धा रक्त कमी पोचत असल्याची खूण आहे, हे आम्हांला मागाहून कळले.

आमची भावजय फार शहाणी बाई आहे. तिने पाहिले की, मुलाच्या शाळेच्या सदऱ्याची गुंडी त्याला लावता येत नाही. चार वेळा घसरली. तिने गुंडी लावून दिली, मुलाला शाळेत धाडले, आणि गॅरेजला कुलूप घालून नवऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेले. तेथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी बोट पाहिले, दुसरा हात पाहिला, आणि एकच प्रश्न केला, "हा हात तुम्ही कामाला कसा वापरता?" भावाने टेबलावर दणका देऊन दाखवला. भगिनींनो, दोन महिन्यांत एवढा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग डॉक्टरांनी एक साधी परीक्षा केली. ॲलन नावाच्या डॉक्टरांनी १९२९ साली सांगितलेल्या परीक्षेवरून ती घेतलेली आहे. मूठ घट्ट मिटायला सांगायची, मनगटाजवळ दोन्ही रोहिण्या बोटांनी दाबून धरायच्या, आणि मूठ उघडायची. तळहात पांढरा दिसतो. मग एक रोहिणी सोडायची आणि लाली येते का पाहायचे. मग पुन्हा तसेच करून दुसरी. अंगठ्याकडची सोडली तेव्हा लाली हळूहळू आली. करंगळीकडची सोडली तेव्हा हात पांढरा तो पांढराच राहिला. नंतर सोनोग्राफीच्या यंत्राने रक्ताचा प्रवाह पाहिला, आणि रंगाचे औषध सोडून रोहिणीचे फोटो काढले. सरळ असायची ती रोहिणी बाटलीचे बूच काढण्याच्या स्क्रूसारखी पिळवटली होती, आणि पुढे बंदच होती.

भाऊ शस्त्रक्रियेला तयार होईना. हात बांधला की गॅरेज बंद, आणि गॅरेज बंद की चूल बंद, हा त्याचा हिशेब. तो चूक होता असे मी म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला हातच दोन महिने गहाण ठेवायला सांगणे ही काही लहान गोष्ट नाही. तेव्हा भावजय म्हणाली, "गॅरेज मी बघते. पोरगं हाताखाली आहेच. तुमी फक्त बसून सांगा." आणि तिने खरोखर तसे केले. सकाळी डबे, दुपारी गल्ल्यावर. गिऱ्हाइके पहिल्यांदा बिचकली, मग सवय झाली. शस्त्रक्रियेत रोहिणीचा खराब तुकडा काढला आणि त्याच्याच हाताची एक नीला घेऊन तेथे जोड दिला. बोट वाचले. काळी कातडी गळून नवी आली. शेंडा जरासा बारीक राहिला आहे, आणि थंडीत अजून ठणकतो. पण गुंडी लागते.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. लवकर आले तर बहुतेकांना ठोकणे बंद, तंबाखू बंद, हात ऊबदार ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, एवढ्यावर आराम पडतो. म्हणून लवकर जावे, हे मला पुन्हा पुन्हा सांगायचे आहे.

आता या दुखण्याची दुसरी बहीण. ती ठोक्याने नाही, थरथरीने येते. आपल्या कोल्हापुरात शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्र्या आहेत. तेथे ओतीव माल साफ करायला फेटलिंगमध्ये माणसे दिवसभर ग्राइंडर धरून उभी असतात. रस्ता फोडणारे ब्रेकर धरतात. दगडाच्या खाणीत ड्रिल चालते. ही यंत्रे हातात धरली की त्यांची थरथर बोटांत शिरते. काही वर्षांनी बोटांतल्या बारीक रक्तनळ्या भेदरट बनतात. जरा गार वारा लागला की आकसून घेतात, आणि बोटे मेणासारखी पांढरी पडतात. पांढरे कोठपर्यंत आणि तांबडे कोठून, अशी रेघ ओढल्यासारखी दिसते. ऊब मिळाली की बोटे निळी, मग लाल होतात, आणि मुंग्या येऊन ठणकतात. बोटे अशी पांढरी पडण्याचे वर्णन मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ सालीच केले होते. थरथरीने रक्तनळ्यांबरोबर शिराही बधिर होतात. मग सुई, नाणे, गुंडी बोटांना कळत नाही.

या दुखण्याचा शोध घेणाऱ्यांत एक बाई होत्या, हे सांगताना मला आज फार आनंद होतो. त्यांचे नाव ॲलिस हॅमिल्टन. अमेरिकेत इंडियाना प्रांतात बेडफर्ड गावी चुनखडीच्या दगडाच्या खाणी आहेत. तेथले पाथरवट हवेच्या दाबाच्या हातोड्याने दगड घडवत. त्यांची बोटे थंडीत मेल्यासारखी पांढरी पडत. या बाई १९१८ साली तेथे गेल्या आणि त्यांनी कामगारांचे हात स्वतः तपासले. उजव्या हातात हातोडा आणि डाव्या हातात छिन्नी. जास्त बिघडली होती ती डाव्या हाताची बोटे, कारण छिन्नीची थरथर तीच सोसत होती. दुसऱ्या वर्षी, १९१९ साली, हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक नेमले. तेथल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक. पण अध्यापकांच्या क्लबात त्यांना प्रवेश नव्हता, आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायची मुभा नव्हती! बाईंनी क्लबाची पर्वा केली नाही. त्या कारखाने पाहत हिंडल्या. १९७० साली वारल्या तेव्हा त्यांचे वय १०१ होते.

आमच्या गल्लीत एक भावजी फेटलिंगला आहेत. थंडीत पहिल्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना त्यांची बोटे पांढरी पडतात. कामावर सांगितले तर "थंडी कुणाला वाजत नाही?" असे उत्तर मिळाले. परंतु थंडी सगळ्यांना वाजते, बोटे सगळ्यांची पांढरी होत नाहीत. युरोपातल्या देशांनी २००२ साली नियम केला, की माणसाच्या हाताला आठ तासांत अमुक एवढीच थरथर बसावी, त्यापुढे नाही. म्हणजे ही कामगाराची नाजूकपणाची तक्रार नव्हे, मोजता येणारी गोष्ट आहे. आपल्या घरच्या पुरुषाला विमा कामगारांचा दवाखाना असेल तर तेथे जाऊन, मी कोणते यंत्र किती तास धरतो, हे कागदावर लिहून घ्यायला सांगावे. पुढे कामाची अदलाबदल मागायची झाली, तर तो कागद हाताशी लागतो.

आता आपल्या बायकांकडे येते. तुम्ही म्हणाल, हे सगळे पुरुषांचे झाले. बाधा झालेल्यांत पुरुष जास्त आहेत, कारण तशी कामे त्यांच्याकडे. पण रोहिणी बाईच्या हातातही त्याच जागी आहे. आपल्यातल्या कितीजणी घरी पॅकिंगचे काम आणतात? पिन मारायचे यंत्र तळहाताच्या गादीने ठोकून दिवसाला हजार पाकिटे होतात. कोणी साचा ठोकते, कोणी चप्पल तळहाताने थापटून बसवते, कोणी डब्याचे झाकण दणका देऊन लावते. स्वयंपाकघरातल्या चार दणक्यांनी घाबरायचे कारण नाही. पण मजुरीचे काम हजारांनी मोजले जाते, तेव्हा ठोक्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे.

आणि तंबाखू. येथे मी जरा स्पष्ट बोलते, रागावू नये. बिडी-सिगारेट पुरुष ओढतात म्हणून आपण नावे ठेवतो, आणि सकाळी चुलीपुढे बसून मशेरी लावतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या विषाने रक्तनळ्या आकसतात. आधीच चेंगरलेल्या नळीला ते आणखी आवळते. भावाला डॉक्टरांनी पहिली अट हीच घातली. त्याने तंबाखू सोडली, तेव्हा त्याच्या सासूबाईंनीही मशेरी सोडली. म्हणाल्या, "जावई सोडतोय, मला काय धाड भरलीय?" त्या सत्तरीच्या आहेत. आपण तर त्यांच्याहून लहान.

तेव्हा घरी जाऊन काय करावे, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, तळहाताचा हातोडा करू नये. रबरी किंवा लाकडी हातोडी मिळते. ती कामाच्या जागी डाव्या हाताशी टांगून ठेवावी, म्हणजे शोधायला लागत नाही. पिनांचे यंत्र उंच पाटावर न ठेवता खाली ठेवावे, आणि ठोकण्याऐवजी अंगाच्या भाराने दाबावे.

दुसरी, थरथरणारे यंत्र चालवणाऱ्याने ते गरजेपुरतेच घट्ट धरावे, आवळू नये. झिजलेले चाक बदलून घ्यावे. मध्ये मध्ये हात मोकळे सोडावेत. हातमोज्याने ऊब राहते, ती चांगली. पण मोजा घातला म्हणजे थरथर थांबली असे समजू नये.

तिसरी, बोटे पांढरी व बधिर झाली तर कढत पाण्यात किंवा शेगडीवर धरू नयेत. बोटाला कळत नाही आणि भाजून फोड येतात. काखेत धरावीत, किंवा कोमट पाण्यात बुडवावीत. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावे.

चौथी, बोटाच्या टोकाला काळा ठिपका आला, किंवा न भरणारी जखम झाली, तर ती ब्लेडने कापू नये, त्यावर बिब्बा किंवा चुना लावू नये. डॉक्टरांकडे जावे, आणि ते विचारोत न विचारोत, आपण होऊन सांगावे, की हा हात मी असा वापरते. हात एकाएकी गार, पांढरा आणि असह्य दुखरा झाला, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्यावे.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी. आठवड्यातून एकदा आपल्या घरच्या माणसांचे हात हातात घेऊन पाहावेत. दोन्ही हात सारखे ऊबदार आहेत का, रंग सारखा आहे का, गुंडी लागते का. राबणारा माणूस स्वतःच्या हाताबद्दल तक्रार करत नाही. त्याला वाटते, कामाचा हात आहे, दुखायचाच. म्हणून पाहणारे कोणीतरी लागते.

आपल्या मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. येत्या थंडीत आपण एका रविवारी गल्लीतल्या कामगारांसाठी हात तपासणी ठेवावी. माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी यायला तयार आहेत. त्या औषध देणार नाहीत, फक्त पाहतील, आणि कोणाला डॉक्टरांकडे धाडायचे ते सांगतील. गल्लीतल्या फेटलिंगवाल्या भावजींचे नाव मी पहिले लिहिले आहे. चहा-पोह्यांची व्यवस्था माझ्याकडे.

मी काही विदुषी नव्हे. जे भोगले, विचारले आणि समजून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवले.